ग्रीनहार्टचं चिलखत आणि ‘एन्ड्युरन्स’चा कणा

अंटार्क्टिकच्या वेडेल समुद्रात, २७ ऑक्टोबर १९१५ रोजी, ब्रिटिश ध्रुवीय मोहिमेचा प्रमुख अर्नेस्ट शॅकल्टनने बर्फात अडकलेलं आपलं जहाज ‘एन्ड्युरन्स’ सोडायचा हुकूम दिला. जहाज पाण्यात उतरून तीन वर्षंही झाली नव्हती. त्याच्या बाजू पाऊण मीटरपर्यंत जाड होत्या, बर्फाला थेट धडक देणारी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, सव्वा मीटरहून जाड होती, आणि या सगळ्यावर बाहेरून ग्रीनहार्टच्या फळ्यांचं आवरण होतं. ग्रीनहार्ट हे दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचं लाकूड. बोटी-गोद्यांच्या कामात वापरल्या गेलेल्या सगळ्यात कठीण लाकडांपैकी एक. तरीही बर्फाने जहाजाचा कणा मोडला आणि २१ नोव्हेंबरला ते तळाला गेलं.

ही गोष्ट शंभर वर्षं एकाच चालीवर सांगितली गेली: नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक नान्सेन याचं ‘फ्राम’ सोडलं तर ‘एन्ड्युरन्स’एवढं मजबूत लाकडी जहाज कुणी बांधलंच नव्हतं, पण अंटार्क्टिकच्या बर्फापुढे कुणाचं काय चालणार. मला ही मांडणी कधीच पटली नाही. कागदपत्रं, मापं आणि जहाज नेमकं कुठून फुटलं ते पाहिलं, तर ग्रीनहार्टने आपल्या वाट्याचं काम चोख केलेलं दिसतं. जहाज ज्या ताणाने मोडलं, तो ताण पेलायचं काम त्या लाकडाकडे सोपवलेलंच नव्हतं. कठीण परदेशी लाकूड लावलं म्हणजे वस्तू अभेद्य झाली असं मानणारी मंडळी आजही दुकानात भेटतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर बघण्यासारखं आहे.

लाकूड

वनस्पतिशास्त्रात ग्रीनहार्टचं नाव क्लोरोकार्डियम रोडिई. दालचिनी आणि तमालपत्र ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. गयानाच्या बाहेर ते फारसं आढळत नाही. डेमेरारा आणि एसेक्विबो नद्यांच्या भागातून ते बाजारात यायचं, म्हणून व्यापारातलं नाव ‘डेमेरारा ग्रीनहार्ट’. झाड फार सावकाश वाढतं, पण सरळसोट वाढतं. त्यामुळे वीस-वीस मीटर लांबीचे ओंडके मिळतात, आणि धक्क्याचे खांब करणाऱ्याला तेच हवं असतं.

आकडे बघायचे तर आपल्या ओळखीच्या सागाशी तुलना करावी. वाळलेल्या सागाचं वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो. ग्रीनहार्टचं सुमारे १,०१० किलो, म्हणजे वाळल्यावरही ते पाण्यात जेमतेम तरंगेल किंवा बुडेल. लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो, त्यावरून कठीणपणा मोजतात. सागाला सुमारे ४,७०० न्यूटन लागतात, ग्रीनहार्टला ११,००० न्यूटनच्या वर. वाकवून मोडायला लागणारा ताण सागाच्या जवळजवळ दुप्पट, आणि ताठपणाही दुप्पट. युरोपातला ओक या बाबतीत सागाच्याच आसपास बसतो. म्हणजे ओकच्या जहाजावर ग्रीनहार्टचं आवरण चढवणं हा निव्वळ दिखावा नव्हता. बाहेरचा थर खरोखरच आतल्यापेक्षा दुपटीने कठीण होता.

यापेक्षाही त्याचा जास्त नावाजलेला गुण म्हणजे समुद्री किड्याला दाद न देणं. शिपवर्म म्हणतात तो प्राणी दिसायला अळीसारखा, पण असतो शिंपल्यांच्या जातीचा. खाऱ्या पाण्यातल्या लाकडात तो बोटभर रुंदीची बिळं पाडतो, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा खांब आतून पोकळ करतो. ग्रीनहार्टच्या गाभ्यातली कडू द्रव्यं त्याला सोसत नाहीत. हा कडवटपणा माणसांच्या ध्यानात आधी आला तो औषध म्हणून. १८३० च्या दशकात डेमेराराला असलेल्या ह्यू रोडी नावाच्या डॉक्टरने या झाडाच्या सालीतून बेबीरिन हे द्रव्य वेगळं केलं, आणि काही काळ ते क्विनाइनला पर्याय म्हणून हिवतापावर दिलं गेलं. झाडाच्या शास्त्रीय नावातला ‘रोडी’ तो हाच. क्विनाइनची जागा काही त्याला घेता आली नाही, पण लाकूड मात्र ब्रिटनच्या गोद्यांमध्ये जाऊन बसलं: जलपाशांचे (बोटी वर-खाली नेण्यासाठी पाणी अडवणाऱ्या कप्प्यांचे) दरवाजे, धक्क्यांचे खांब, बोटी घासतात तिथली आडवी लाकडं. गळ टाकायच्या काठ्यासुद्धा याच्याच होत, कारण वाकून पुन्हा सरळ होण्यात याचा हात धरणारं लाकूड कमी.

सुताराच्या दृष्टीने मात्र ग्रीनहार्ट हे भांडखोर लाकूड. ओंडक्यात इतका ताण साठलेला असतो की करवतीखाली तो अचानक उभा फुटतो आणि तुकडा जोरात उडतो. म्हणून करवतीच्या मागे ओंडक्याला साखळी किंवा दोर आवळायची रीत पडली. त्याची कुसळं हातात गेली की जखम चिघळते. आधी भोक पाडल्याशिवाय खिळा जात नाही. जबरदस्ती केली तर खिळा वाकतो किंवा फळी चिरते. हत्यारांची धार बघता बघता जाते.

इथे सागाची बाजूही मांडायला हवी, कारण ‘कठीण म्हणजे चांगलं’ हा हिशेब तिथे कोसळतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेलं ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. साग ग्रीनहार्टच्या निम्म्यानेही कठीण नाही. त्याची किंमत वेगळ्या गोष्टींत आहे: तो ऊन-पाण्यात आकार बदलत नाही, अंगच्या तेलामुळे कुजत नाही, आणि ओकसारखा लोखंडी खिळ्यांना खात नाही. उष्ण समुद्रात वर्षानुवर्षं माल वाहणाऱ्या जहाजाला हेच गुण लागतात. बर्फाला रोज घासणाऱ्या जहाजाची गरज निराळी.

जहाज

‘एन्ड्युरन्स’ बांधलं गेलं ते शॅकल्टनसाठी नव्हे. नॉर्वेतल्या सांडेफ्यूर गावच्या फ्रामनेस गोदीत ते तयार झालं, १७ डिसेंबर १९१२ रोजी पाण्यात उतरलं, आणि तेव्हा त्याचं नाव होतं ‘पोलारिस’. बेल्जियमचा ध्रुवीय प्रवासी आद्रियाँ द जेर्लाश आणि नॉर्वेचा जहाजमालक लार्स क्रिस्टेन्सन यांचा बेत श्रीमंत पर्यटकांना उत्तर ध्रुवाकडे अस्वलांच्या शिकारीला न्यायचा होता. पैशांचं जमलं नाही, जहाज गोदीत पडून राहिलं, आणि शॅकल्टनने ते विकत घेतलं.

पर्यटक न्यायचे तर ऐसपैस खोल्या हव्यात, चांगलं इंजिन हवं, आणि बर्फाच्या कडेकडेने, सुट्या तुकड्यांमधून वाट काढता यायला हवी. त्या कामाला जहाज उत्तम होतं. लांबी ४४ मीटर, रुंदी साडेसात मीटरच्या थोडी वर, ३५० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन, तीन डोलकाठ्या. कण्यासाठी ओकचे चार भरीव सोट एकावर एक बसवले होते, एकूण उंची दोन मीटरहून जास्त. नाळेचं प्रत्येक लाकूड असा ओक निवडून काढलं होतं की ज्याचा नैसर्गिक बाक जहाजाच्या बाकाशी जुळेल; म्हणजे लाकडाची उभी रेषा कुठेही कापली जात नाही आणि धडकेचा जोर लाकडाच्या लांबीतून वाहून जातो. हे काम ज्याने केलं त्याला लाकूड कळत होतं, यात शंकाच नाही.

शॅकल्टनने ५ डिसेंबर १९१४ रोजी दक्षिण जॉर्जिया बेट सोडलं आणि दोन दिवसांत जहाज बर्फात शिरलं. पुढचे सहा आठवडे कप्तान फ्रँक वर्स्लीने त्याला हातोड्यासारखं वापरलं. मागे जायचं, वेग घ्यायचा, बर्फाच्या तावदानावर आदळायचं, फट पडली की शिरायचं, पुन्हा मागे. ग्रीनहार्टची खरी परीक्षा या सहा आठवड्यांत झाली. बर्फाच्या धारदार कडा साध्या पाइनच्या फळीवर रंध्यासारख्या चालतात. जलरेषेपाशी लाकूड सोलून काढतात. इतक्या घासण्या-आदळण्यानंतरही जहाज धड राहिलं, गळकं झालं नाही. जानेवारी १९१५ च्या मध्यानंतर मात्र बर्फ चहूबाजूंनी दाटला आणि जहाज अडकलं ते कायमचंच.

तीन प्रकारचा जोर

बर्फ जहाजाला तीन तऱ्हांनी छळतो. चालत्या जहाजाला घासतो. धडकताना नाळेवर आदळतो. आणि जहाज अडकलं की दोन्ही बाजूंनी आवळतो. पहिल्या छळाला कठीण कातडं लागतं, आणि तिथे ग्रीनहार्टला तोड नाही. दुसऱ्याला जाड नाळ लागते, ती होती. तिसरा प्रकार पूर्ण वेगळा. आवळणाऱ्या बर्फाला बाहेरच्या फळीच्या कठीणपणाशी काही देणंघेणं नसतं. फळी शाबूत ठेवूनही तो तिच्यामागची फासळी आत ढकलू शकतो. तिथे हिशेब येतो तो फासळ्या किती जवळ आहेत, एका बाजूकडून दुसरीकडे जाणाऱ्या तुळया किती आणि केवढ्या आहेत, त्यांना तिरके आधार आहेत का, आणि मुळात जहाजाच्या पोटाचा आकार कसा आहे याचा.

‘फ्राम’शी तुलना करायची ती इथे. १८९२ साली लार्विकला कॉलिन आर्चरने फ्रित्यॉफ नान्सेनसाठी हे जहाज बांधलं ते मुद्दाम बर्फात गोठवून घेण्यासाठीच. त्यालाही बाहेरून ग्रीनहार्टच होतं. जलरेषेपाशी सुमारे पंधरा सेंटिमीटर जाड, खाली कण्याकडे पातळ होत गेलेलं. पण दोन गोष्टींत आर्चर आणि नान्सेन फार पुढचा विचार करून बसले होते.

पहिली गोष्ट आकाराची. ‘फ्राम’ लांबीला ३९ मीटर आणि रुंदीला ११ मीटर, म्हणजे लांबी रुंदीच्या साडेतीन पट. ‘एन्ड्युरन्स’ची जवळजवळ सहा पट. ‘फ्राम’चं पोट नारळाच्या करवंटीसारखं गोल, बर्फाने दाबलं की ते चेपण्याऐवजी वर सरकतं. कणा जवळजवळ पोटात बुडवलेला, म्हणजे बर्फाला पकडायला खालून काही बाहेर आलेलंच नाही. सुकाणू आणि जहाज पुढे ढकलणारा पंखा दोन्ही वर उचलून आत घेण्याची सोय होती.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिथे लाकडाची खरी समज दिसते. ‘फ्राम’वर ग्रीनहार्टचा थर आतल्या ओकच्या थरांना आरपार बोल्ट मारून जोडलेला नव्हता. तो स्वतंत्र खिळ्यांनी नुसता वरून बसवला होता. हेतू असा की बर्फाने अख्खं ग्रीनहार्ट सोलून नेलं, तरी आतलं जहाज गळू नये. म्हणजे जगातल्या एका सर्वात कठीण लाकडाला त्यांनी ‘गेलं तर गेलं’ अशा जागी ठेवलं. चिलखताचं काम मार खाणं. उभं राहायचं ते शरीराने.

सप्टेंबर १८९३ ते ऑगस्ट १८९६ ‘फ्राम’ बर्फात अडकून वाहत राहिलं आणि धड बाहेर आलं. आज ते ओस्लोच्या संग्रहालयात आहे.

कुठून फुटलं

‘एन्ड्युरन्स’वर १९१५ च्या हिवाळ्यात दाब अनेकदा आला आणि गेला. ऑक्टोबरच्या मध्यास जहाज एकदा डावीकडे तीसेक अंश कलंडून पुन्हा सरळ झालं. खरा घात सुरू झाला तो २४ ऑक्टोबरला, आणि पिछाडीला. सुकाणू जिथे टेकतं तो उभा सोट दाबाने पिळला गेला, त्यात खोचलेल्या फळ्यांची टोकं सुटली आणि पाणी आत यायला लागलं. बाजूच्या ग्रीनहार्टला भेदून पाणी आलं नाही, सांध्यातून आलं. जहाजाचा सुतार हॅरी मॅकनिश गारठ्यात, पाण्यात उभा राहून पिछाडीला आडवी भिंत घालत होता आणि तिच्या फटी ब्लँकेटच्या चिंध्यांनी बुजवत होता. पंप चालू होते. तीन दिवसांनी दाब पुन्हा वाढला, तुळया मोडल्या, सुकाणू आणि पिछाडीचा सोट उखडला, कणा फाटला. मग बुजवायला काही उरलं नाही.

२०२५ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातले बर्फ-अभियंते युक्का तुहकुरी यांनी या साऱ्याची तांत्रिक फेरतपासणी प्रसिद्ध केली. त्यांचा निष्कर्ष ‘सर्वात मजबूत जहाज’ या ख्यातीला धक्का देणारा आहे. त्या काळच्या इतर ध्रुवीय जहाजांच्या तुलनेत ‘एन्ड्युरन्स’च्या तुळया आणि फासळ्या कमकुवत होत्या. इंजिनाची जागा लांबलचक होती, त्यामुळे पिछाडीकडचा मोठा भाग आडव्या आधाराविना राहिला. तिरके आधार नव्हतेच. पर्यटकांच्या जहाजाला त्यांची गरजही नव्हती.

चटका लावणारा भाग पुढचा आहे. शॅकल्टनला हे ठाऊक होतं. त्याच वेडेल समुद्रात निघालेल्या जर्मन मोहीमप्रमुख फिल्शनरच्या ‘डॉइचलांड’ जहाजाला तिरके आधार बसवा, असा सल्ला त्यानेच दिला होता. ‘डॉइचलांड’ १९१२ साली महिनोन्‌महिने बर्फात अडकूनही वाचलं. स्वतः निघताना पत्नी एमिलीला लिहिलेल्या पत्रात, बांधणीच्या बाबतीत हे जहाज आपल्या जुन्या ‘निम्रॉड’एवढं भक्कम नाही, सुखसोयी सोडल्या तर अदलाबदल करायला आपण केव्हाही तयार आहोत, अशा अर्थाचं त्याने नोंदवलं आहे. मग आधार का नाही बसवले? घाई, पैसा, ऑगस्ट १९१४ चं महायुद्ध, अशी कारणं सुचवता येतात, पण ती सुचवणंच होईल. माझ्या मते पाऊण मीटर जाडीच्या बाजू आणि त्यावरचं ग्रीनहार्ट डोळ्यांना इतका दिलासा देत असणार की आतल्या रिकाम्या जागेकडे नजर कमी गेली असावी.

वाचवणारं लाकूड

जहाज बुडाल्यावर माणसं वाचली ती मदत आणायला निघालेल्या ‘जेम्स केअर्ड’ नावाच्या सात मीटरच्या होडीमुळे. तिच्या फळ्या बाल्टिक पाइनच्या, म्हणजे नरम लाकडाच्या. कणा आणि फासळ्या अमेरिकन एल्मच्या. पुढचा-मागचा सोट ओकचा. मॅकनिशने पेट्यांच्या फळ्या आणि त्यांचेच खिळे वापरून तिच्या कडा उंच केल्या, फटी दिव्याच्या वाती, चित्रकाराचे रंग आणि सीलच्या रक्ताने बुजवल्या. २४ एप्रिल १९१६ ला एलिफंट बेटावरून निघून ती १० मे रोजी दक्षिण जॉर्जियाला लागली. ग्रीनहार्टची असती तर ती ओढून बर्फावर चढवताच आली नसती. (मॅकनिशला पुढे ध्रुवीय पदक नाकारलं गेलं. सुतारांच्या वाट्याला बहुतेक हेच येतं.)

तळावर

५ मार्च २०२२ रोजी ‘एन्ड्युरन्स’ सापडलं: ३,००८ मीटर खोल, वर्स्लीने नोंदवलेल्या जागेच्या सुमारे चार सागरी मैल दक्षिणेला. छायाचित्रांत पिछाडीवरची नावाची अक्षरं वाचता येतात. एकशे सहा वर्षं खाऱ्या पाण्यात राहून लाकूड इतकं शाबूत कसं, असा प्रश्न पडतो, आणि ग्रीनहार्टच्या कडू द्रव्यांना श्रेय देण्याचा मोह होतो.

ते श्रेय द्यायचं कारण नाही. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे एड्रियन ग्लोव्हर आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकच्या समुद्रतळावर लाकडाचे तुकडे आणि देवमाशांची हाडं चौदा महिने ठेवली होती. निकाल २०१३ साली छापून आला. हाडांवर हाडखाऊ किड्यांची वसाहत झाली, लाकूड मात्र जवळजवळ होतं तसंच राहिलं. या खंडावर तीन कोटी वर्षांत झाडं नाहीत, त्यामुळे समुद्रात वाहून येणारं लाकूड नाही, आणि खंडाभोवती फिरणारा थंड प्रवाह बाहेरचे किडे आत येऊ देत नाही. ओक असो, पाइन असो, तिथे खाणारंच कुणी नाही. ज्या गुणासाठी ग्रीनहार्ट जगभर विकलं गेलं, तो गुण अंटार्क्टिकमध्ये वापरायची वेळच आली नाही. अवशेष आज अंटार्क्टिक कराराखाली संरक्षित आहेत आणि तिथून काहीही वर आणायला मनाई आहे, त्यामुळे आवरणाच्या फळीचा तुकडा प्रयोगशाळेत कधी येईल अशी आशा नको.

आज घ्यायचं झालं तर

ग्रीनहार्ट आजही मिळतं, पण झाड सावकाश वाढतं आणि मुख्यतः एकाच देशात वाढतं, म्हणून नवं लाकूड घेण्याआधी ते कुठून, कोणत्या परवान्याने तोडलं हे कागदावर बघून घ्यावं. युरोपात जुने धक्के, जलपाश मोडले की त्यातलं शंभर वर्षं जुनं ग्रीनहार्ट पुन्हा विकलं जातं. वरचा राखाडी थर काढला की आत हिरवट-तपकिरी गाभा ताजा निघतो. मिळालं तर तेच घ्यावं. खाऱ्या पाण्यातला खांब, बोट घासते ती आडवी फळी, जिथे जड वस्तू रोज आदळते अशी जागा, एवढ्यासाठी ते योग्य. कपाटाला, पलंगाला, गच्चीवरच्या बाकड्याला ते मी कुणाला सुचवणार नाही. तिथे साग बरा, हलका आणि सुताराला शिव्या द्यायला न लावणारा. वापरायचंच असेल तर कार्बाइड दातांचं पातं, हातमोजे, तोंडाला मास्क, प्रत्येक खिळ्याआधी भोक, आणि कापताना ओंडक्याला साखळी.